अधिक महिन्याचा फोल्डर

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मी दुपारनंतर हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या एका लहान ऑफिसात कामाला जात होते. ऑफिस म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मालक बसत आणि आतल्या खोलीत तीन कॉम्प्युटर होते. कॉलेजांच्या ग्रंथालयांना लागणारं एक सॉफ्टवेअर तिथं तयार होत असे. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे, कुणी नेलंय, कधी परत आलं, एवढंच त्याचं काम. धारवाड, हुबळी आणि आसपासच्या गावांतली काही कॉलेजं ते वापरायची.

ते सगळं एकाच माणसानं लिहिलं होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणत होते. पन्नाशीला आलेले, धारवाडच्या मळमड्डीत राहणारे, रोज सकाळच्या बसनं हुबळीला येणारे. शिक्षण एका डिप्लोमापर्यंत. कॉम्प्युटर ते स्वतःच पुस्तकं वाचून शिकले होते. मी काहीही समजून घेतलं की वहीत लिहायची आणि ते बघून त्यांना हसू यायचं. "यव्वा, श्वास घेतलास तरी लिहून ठेवतेस काय ग?" असं ते एकदा म्हणाले होते. यव्वा ही तिकडची मुलीला मारायची मायेची हाक. मी वही लिहायचं काही सोडलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एकदा ऐकलेलं पुन्हा कुणाला विचारायची वेळ येऊ नये, ही माझी धडपड असे.

त्या वर्षी बंगळूरच्या एका कंपनीनं आमचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. त्याबरोबर ते सांभाळायला इथला एक माणूसही त्यांना हवा होता. सॉफ्टवेअर गेल्यावर आमच्याकडं फक्त लग्नपत्रिका आणि प्रबंध टाइप करायचं काम उरणार होतं. त्यात अण्णांना जागा नव्हती. म्हणजे अण्णा बंगळूरला जाणार किंवा घरी बसणार, हे सरळ होतं. मालकांनी त्यांचंच नाव द्यायचं मनात धरलं होतं, पण पत्र अजून गेलेलं नव्हतं.

कंपनीची एक अट होती. कोड नुसता सीडीवर चालणार नव्हता, तो व्हर्जन कंट्रोलमध्ये घालून, जेवढा जुना इतिहास असेल तेवढ्यासकट द्यायचा होता. व्हर्जन कंट्रोल ही एका अर्थानं वहीच. कोडमधली कुठली ओळ कधी बदलली, कुणी बदलली, आधी काय होती, हे सगळं ती लिहून ठेवते आणि एकामागून एक नंबर देत जाते. मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ते थोडं शिकले होते, म्हणून मालकांनी ते काम माझ्यावर टाकलं.

पहिल्या दिवशी मी अण्णांच्या कॉम्प्युटरवरचा चालू कोड उचलला आणि एका दमात आत घातला. मग सहज कुठल्या ओळी कुणाच्या, हे बघितलं. प्रत्येक ओळीपुढं माझं नाव होतं. आत घालणारी मी, म्हणून वहीनं मलाच लेखक धरलं होतं. अण्णांनी रात्रंदिवस डोकं घालून लिहिलेला तो हजारो ओळींचा कोड आणि पुढं माझं नाव. मला चोरी केल्यासारखं वाटलं. मी ते सगळं पुसून टाकलं आणि ठरवलं की जुने फोल्डर एकेक करून क्रमानं घालायचे, अण्णांच्या नावानं.

जुने फोल्डर होते, त्याला कारण आमच्या मालकांचा एक नियम. अमावास्येला ऑफिसात नवीन काम सुरू करायचं नाही आणि गिऱ्हाइकाला सीडी द्यायची नाही. त्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर पुसून त्यांना कुंकू लावायचं, उंबऱ्यात नारळ फोडायचा आणि मग दिवसभर बसून राहायचं. अण्णांना बसून राहणं जमत नसे. म्हणून ते दर अमावास्येला सगळ्या कोडची एक प्रत करून नवीन फोल्डरमध्ये ठेवत आणि त्या फोल्डरला त्या अमावास्येचं नाव देत. पुढं वर्षाचे दोन आकडे. एळ्ळ अमावास्या, शिवरात्री अमावास्या, बादामी अमावास्या, नागर अमावास्या, अशी कानडीत बोलली जाणारी ती नावं. त्याहून जुन्या प्रती फ्लॉपींवर होत्या आणि त्या फ्लॉपींना बुरशी लागली होती. चांगले राहिलेले फोल्डर चाळीसच्या वर होते.

त्यांचा क्रम फायलींवरच्या तारखांवरून लावता आला असता. पण अण्णांच्या कॉम्प्युटरमधला घड्याळाचा सेल कधीच संपला होता आणि तो बदलायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. कॉम्प्युटर रोज सकाळी चालू झाला की त्याच्या मते एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी असायची. सगळ्या फायलींवर तीच तारीख. तेव्हा क्रम लावायला अमावास्यांची नावं हीच एक वाट होती.

त्या आठवड्यात अण्णा अळणावरच्या एका कॉलेजात सॉफ्टवेअर बसवायला जात होते आणि संध्याकाळी उशिरा ऑफिसात डोकावत होते. मालकांच्या खुर्चीमागं कानडी कॅलेंडर टांगलेलं असे. मी त्यावरून बारा अमावास्यांची नावं एकाखाली एक वहीत उतरवली, समोर इंग्रजी महिने लिहिले, कारण बंगळूरच्या लोकांना नागर आणि बादामी कळणार नव्हतं. मग एकेक फोल्डर आत घालत गेले. दोन वर्षांपूर्वीच्या फोल्डरांपाशी आले तेव्हा अडखळले. तिथं बाराऐवजी तेरा होते. तेराव्याचं नाव होतं 'अधिक श्रावण'. माझ्या यादीत तसलं काही नव्हतं.

इथं मला थांबून कुणाला तरी विचारता आलं असतं. बाहेर मालक होते, संध्याकाळी अण्णा येणार होते. मी विचारलं नाही. आमच्या घरात पंचांग कधी आलंच नाही. भिंतीवर बुद्धांचा फोटो, आई पौर्णिमा तेवढ्या लक्षात ठेवायची, अमावास्येशी आमचा संबंध नव्हता. शाळेत एकदा मी असंच काही सणाचं विचारलं होतं, तेव्हा बाकावरची मैत्रीण सहज म्हणाली होती, "तुमच्यात नसतंच ना हे." तिच्या मनात वाईट नव्हतं. पण तेव्हापासून असल्या गोष्टी मी माझ्या मनानंच जुळवून घेत आले. आताही मी विचार केला की अधिक म्हणजे वरचा, जास्तीचा. आधी नेहमीचा श्रावण होणार, मग उरलेला जास्तीचा. श्रावणातली नेहमीची अमावास्या म्हणजे बेनकन अमावास्या. ती मी ऑगस्टमध्ये घातली आणि अधिक तिच्यानंतर, सप्टेंबरमध्ये. पुढचं सगळं नीट बसलं. संध्याकाळी मी खुशीत घरी गेले.

चार दिवसांनी मालक आतल्या खोलीत आले आणि मला म्हणाले, दोन वर्षांपूर्वीचं दाखव.

का, ते मला माहीत होतं. धारवाडच्या एका कॉलेजात तेव्हा घोटाळा झाला होता. एका मुलानं परत केलेलं पुस्तक दुसऱ्याच मुलाच्या नावावर परत झालेलं दिसायचं. गणपतीच्या सुमाराला कॉलेजनं कडक पत्र पाठवलं आणि सॉफ्टवेअर सोडून दिलं. अण्णांचं म्हणणं होतं की चूक त्यांच्या हातून झाली होती, पण गणपतीच्या आधीच त्यांनी ती दुरुस्त करून सीडी पाठवली होती, कॉलेजनंच ती वेळेवर बसवली नाही. मालकांचा संशय वेगळा होता. त्यांना वाटे की अण्णांनी आधी दुरुस्त केलं आणि मग दुसरं काहीतरी करताना पुन्हा बिघडवून ठेवलं, आणि आता कबूल करत नाहीत. यावर दोघांची कितीतरी वेळा वादावादी झाली होती, असं मी ऐकलं होतं. पुरावा कुणाकडंच नव्हता.

आता होता. मी त्यांना ऑगस्टचा आणि सप्टेंबरचा कोड शेजारी शेजारी उघडून दाखवला. बदललेल्या ओळी रंगानं वेगळ्या दिसत होत्या. ऑगस्टमध्ये कोड दुरुस्त झालेला होता. सप्टेंबरमध्ये बरोबर ओळी काढून टाकल्या होत्या आणि चुकीच्या परत आल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बरोबर. प्रत्येक बदलापुढं अण्णांचं नाव. ते नाव मीच घातलं होतं, त्यांचा मान राहावा म्हणून.

मालकांनी अण्णांना हाक मारली. अण्णा चष्मा सारखा करून स्क्रीनकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता वाद होणार. पण ते हळूच म्हणाले, "मला असं आठवत नाही. पण आता कॉम्प्युटरच सांगतोय, तर माझ्याच हातून झालं असणार." मालक जिंकल्यासारखे दिसले नाहीत, थकल्यासारखे दिसले. अण्णा आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी मला एकदाही यव्वा म्हणून हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बाहेर बोलावून विचारलं, परीक्षा झाल्यावर तू बंगळूरला जाशील का? कोड तुला समजतो, नवीन पद्धतही येते. अण्णांचं वय झालं, असं ते म्हणाले. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचार करून सांगते, एवढंच मी म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी मला बंगळूरच्या गाड्यांच्या वेळा विचारल्या. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामगार होते, त्यांना सगळ्या गाड्या तोंडपाठ होत्या. तरी त्यांनी एकेक करून विचारल्या आणि मी सांगत गेले. असं त्यांना बोलतं झालेलं मी क्वचितच बघितलं होतं. मला मात्र जेवण नीट गेलं नाही. अण्णांचं 'आता कॉम्प्युटरच सांगतोय' हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. कॉम्प्युटरला तरी ते कुणी सांगितलं होतं?

शनिवारी कॉलेजला सुट्टी होती, म्हणून सकाळीच ऑफिसात गेले आणि पुन्हा तेच फोल्डर उघडून बसले. त्या घोटाळ्याच्या ओळी बाजूला ठेवल्या आणि दुसऱ्याच एका फायलीकडं वळले. तिच्यात पुस्तकांच्या विषयांची यादी होती. अण्णा तिच्यात दर महिन्याला एखाददुसरा विषय वाढवत. कानडी कविता, शेतीशास्त्र, पाककला, असे. ही यादी कधी लहान होण्याचं कारण नव्हतं. मी महिन्यांप्रमाणं खाली खाली वाचत गेले. जुलै, नागर अमावास्या, अमुक इतके विषय. ऑगस्टमध्ये दोन वाढलेले. सप्टेंबरमध्ये, म्हणजे अधिकमध्ये, एक कमी झालेला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तो आलेला आणि वर एक नवीन. वाढत जाणारी यादी एका ठिकाणीच आखूड झाली होती. मी ऑगस्ट आणि सप्टेंबर उलटे धरून पुन्हा मोजलं. आता ती पायरी पायरीनं वाढत होती.

तरी खात्री हवी होती. खाली उतरले. डिसेंबरचे दिवस होते आणि रस्त्याच्या कडेला एक म्हातारे काका नवीन वर्षाची कॅलेंडरं गुंडाळून विकायला बसले होते. मी त्यांच्यापुढं उभी राहिले, दोन कॅलेंडरं उगाच हातात घेतली, आणि शेवटी विचारलंच. "काका, अधिक महिना आधी असतो का नंतर?"

ते माझ्याकडं बघून हसले. "अधिक येतोय पुढच्या वर्षी. जावयाची आत्तापासून एवढी घाई?"

मला त्यातलं काही कळलं नाही. अधिक महिन्यात जावयाला बोलावून अनारशांचं वाण देतात, हे मला पुष्कळ नंतर समजलं. मग काकांनी नवीन कॅलेंडर उलगडून एका पानावर बोट ठेवलं. आधी 'अधिक ज्येष्ठ' छापलेलं होतं, आणि तो संपल्यावर 'निज ज्येष्ठ'. निज म्हणजे खरा, नेहमीचा. "आधी अधिक, मग निज," ते म्हणाले. "लहान पोरालाही ठाऊक असतं हे." मी ते कॅलेंडर विकत घेतलं.

म्हणजे अण्णांचं म्हणणं खरं होतं. चूक अधिक महिन्यापर्यंत होती, आणि त्यापुढच्या बेनकन अमावास्येपर्यंत ती दुरुस्तही झाली होती. बेनकन अमावास्येनंतर गणपती येतात. पुन्हा बिघडवण्याचा प्रश्नच नव्हता. बिघडवलं ते दोन वर्षांनंतर मी, क्रम चुकवून.

वडिलांना रविवारी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुझं जाणं राहिलं."

"हो."

मग ते म्हणाले, "सोमवारी सकाळीच जा. दोघं एकत्र असताना सांग. एकाला सांगितलं की दुसऱ्यापर्यंत नीट पोचत नाही."

काय बोलायचं ते मी वहीत लिहून काढलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. सोमवारी अण्णा बाहेरच्या खोलीत मालकांपुढं कसली तरी सही करायला उभे होते. मी दारातूनच म्हणाले, "सर, धारवाडच्या कॉलेजची ती सप्टेंबरची चूक अण्णांची नाही. माझी आहे."

मालक म्हणाले, "तुझी? तू तेव्हा इथं कुठं होतीस?"

मी सांगितलं की फोल्डरांचा क्रम मी लावला, अधिक महिना मी मागं टाकला, तो आधी येतो हे मला माहीत नव्हतं. कॅलेंडर टेबलावर उघडून दाखवलं. वहीतलं मी काहीच बोलत नव्हते, जे येईल ते बोलत होते.

"एवढं साधं?" मालक म्हणाले. "घरात पंचांग बघत नाही काय?"

"नाही सर. आमच्या घरी पंचांग नसतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग टेबलावरच्या कॅलेंडरकडं. मी कुठल्या वस्तीत राहते हे त्यांना माहीत होतं, माझ्या अर्जावर ते लिहिलेलं होतं. त्यापुढं त्यांनी काही विचारलं नाही.

अण्णा म्हणाले, "मग मला विचारायचं की ग."

"विचारवलं नाही, अण्णा."

मला वाटलं ते रागावले. पण ते म्हणाले, "मी तरी कुठं विचारलं? दोन वर्षं ह्यांच्याशी भांडलो, आणि तू सप्टेंबर दाखवलास तर पाच मिनिटांत मान डोलावली. स्क्रीनवर दिसलं की खरं वाटतं बघ." मग त्यांनी आत येऊन आपली खुर्ची माझ्या कॉम्प्युटरशेजारी ओढली. "चल. पहिल्यापासून घालू. मी नाव सांगतो, तू घाल."

मी आधीचं सगळं पुसलं. अण्णा एकेक अमावास्या सांगत गेले आणि मी फोल्डर घालत गेले. ते नुसतं नाव सांगत नव्हते. ह्या महिन्यात पाऊस फार, वीज सारखी जायची. ह्या महिन्यात मुलगी आजारी होती, म्हणून दोनच ओळी. मी ते बदलाच्या नोंदीत लिहू का, विचारलं. "वेडी आहेस काय," ते म्हणाले. इंग्रजी महिने मी ह्या वेळी प्रत्येक ठिकाणी त्यांना विचारून लिहिले. दुपारचं जेवण आम्ही तिथंच बसून केलं. नागर अमावास्या, मग अधिक श्रावण, मग बेनकन अमावास्या. तिथं आल्यावर अण्णांनी मला थांबायला सांगितलं आणि मालकांना हाक मारली.

मालक मागं येऊन उभे राहिले. मी तिन्ही महिने ओळीनं उघडले. नागर आणि अधिकमध्ये चुकीच्या ओळी, बेनकनमध्ये त्या गेलेल्या, आणि त्यानंतर त्या भागाला कुणी हात लावलेला नाही.

त्यांनी दोनदा वाचलं. "म्हणजे गणपतीच्या आधीच झालं होतं," ते म्हणाले.

"हौद, होय," अण्णा म्हणाले.

एवढंच. अण्णा उठले, चहा पिऊन येतो म्हणून खाली उतरले आणि चांगला अर्धा तास आले नाहीत. तेवढ्या वेळात मालक अण्णांच्या खुर्चीवर बसून राहिले. आणखी खालचं दाखव, म्हणाले. मी दाखवत गेले. त्यांना कोड वाचता येत नव्हता, पण कुठल्या महिन्यात किती ओळी बदलल्या हे ते बघत होते. काही महिन्यांत पानंच्या पानं होती.

मग बंगळूरचं पत्र टाइप करायला त्यांनी मलाच बसवलं. ते कानडीत सांगत होते, मी इंग्रजीत टाइप करत होते. अण्णांचं नाव आलं, त्यापुढं मी 'आमच्याकडे काम करणारे' अशा अर्थाचं काहीतरी घातलं. प्रिंट काढून दिल्यावर मालकांनी पेन्सिल घेतली, ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'हे सॉफ्टवेअर लिहिणारे'. मी ते दुरुस्त करून दुसरी प्रत काढली. अण्णा वर आले तेव्हा पत्र सहीसाठी टेबलावर तयार होतं.